लेडीज बॅचची पात

पोहण्याइतका कंटाळवाणा व्यायाम दुसरा नाही, हे मी आधीच सांगून टाकते. लोक उगाच डोळे मिटून सांगतात की पाण्यात मन कसं शांत होतं. कसलं शांत? इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत जायचं, हात लावायचा, परत यायचं. वाटेत ना कुणी भेटतं, ना काही दिसतं. खाली निळ्या फरशा, त्यात एक काळी रेघ आणि कुणाच्या तरी बोटाचं सुटलेलं बँडेज. चालायला गेलं तर निदान कुणाच्या दारात कुणाची गाडी उभी आहे एवढं तरी कळतं.

मी ब्लाउज शिवते. नगरला, सावेडीच्या पुढं, घराच्याच दर्शनी खोलीत. अर्धं आयुष्य मशीनवर मान वाकवून गेलं आणि एक दिवस ती मान वरच येईना. डॉक्टर म्हणाले, मशीन कमी करा आणि पोहायला जा. लग्नसराईत मशीन कमी करणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणं, म्हणून पोहायला गेले. आमच्या भागातल्या तलावावर दुपारी तीन ते चार लेडीज बॅच असायची. रणरणत्या उन्हाचा, एकाही पुरुषाला नको असलेला तास बायकांना देऊन वर उपकार केल्यासारखा बोर्ड लावला होता.

एकटी बाई ओल्या कपड्यांत तिथं काय करणार, म्हणून सासूबाईंनी माझ्या धाकट्या जावेला सोबत धाडलं. तिलाही थायरॉइडमुळं डॉक्टरांनी काहीतरी हालचाल करा म्हणून सांगितलेलंच होतं. एका स्कूटीवर आम्ही दोघी. स्कूटी चढाला रडायची. आमचं घरातलं बोलणं कामापुरतं होतं: गॅस लावलाय का, दूध तापवलंय का, संपलं. भांडण म्हणावं तर कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, एकदाचं मिटलं तरी असतं. जावा एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणतात, आम्ही त्यासाठी महिन्याची फी भरून रोज जात होतो.

आता गंमत बघा. जाऊ भंडारदऱ्याकडची. घरापासून हाकेच्या अंतरावर एवढं मोठं धरण, चार महिने धो धो पाऊस, आणि ह्या बाईनं जन्मात पाण्यात पाऊल बुडवलं नव्हतं. पोरींनी पाण्याकडं जायचं नाही, असा त्यांच्या घरचा दंडक. मी जामखेडकडची. आमच्याकडं विहिरीला पाणी असलंच तर दिवाळीपर्यंत. पण तेवढ्या दिवसांत भावांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला वरून ढकलून दिलं, आणि तिसऱ्या दिवशी डबा सोडून टाकला. पोहायला आलं. फक्त विहीर गोल असते. सरळ गेलं की चार हातांत कपार लागते, म्हणून आम्ही सगळे गोल गोल पोहायचो, तेही डावीकडून. तलावात पहिल्या दिवशी मी जोरात निघाले आणि मध्यावर जाईपर्यंत शेजारच्या बाईच्या पोटात डोकं घातलं. जाऊ मात्र तलावावर शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं तशी, फुटपट्टीनं आखल्यागत सरळ जायची. हळू इतकी की तिच्या पाठीवर चहाचा कप ठेवला असता तर सांडला नसता.

बॅचच्या बायकांचे पोहण्याचे कपडे मीच शिवले. गुडघ्याखालपर्यंत, पूर्ण बाह्यांचे, कुणाच्या सासऱ्यालाही आक्षेप नको. पहिल्या खेपेला कापड चुकलं. सगळ्या एकदम पाण्यात उतरल्या आणि सगळ्या एकदम फुगल्या. एकीलाही बुडता येईना. जीवरक्षक मुलगी उंच खुर्चीवर बसून हसून हसून पडायच्या बेतात आली.

सर चांगले होते, पण त्यांचं गाडं एकाच जागी अडलेलं. चार लॅप हे, चार लॅप ते. ब्रेस्टस्ट्रोक म्हणताना लाजून त्यांचा आवाज खाली जायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव बेडूक ठेवलं आणि त्यांची सुटका केली. पण बेडूक झालं तरी किती वेळ? महिन्याभरात बायका गळायला लागल्या. एकीची सून बाळंत झाली, एकीला क्लोरीन सोसेना, एकीनं सरळ सांगितलं, मला कंटाळा येतो, त्यापेक्षा झोपते. मलाही येत होता. पण पाण्यातून बाहेर आले की तासभर मान हलकी असायची. त्या तासासाठी मी भिंतीला हात लावत होते.

मग आम्ही आमचेच उद्योग सुरू केले. मी घरून स्टीलच्या वाट्या नेल्या. खोल बाजूला टाकायच्या आणि येता-जाता बुडी मारून एकेक वर आणायची. पुढं जुने परकर नेले. चार फेऱ्या परकर नेसून मारायच्या, मग सोडून मारायच्या. परकर सोडला की अंग असं सुटतं की आपण पंचविशीत आहोत असं वाटतं. सरांना ते बघवेना, ते पाठ करून उभे राहायचे. उलटं पोहताना कान पाण्यात असतात, म्हणून मैत्रिणीला काही खरं सांगायचं असलं की तिला उलटी पोहायला लावायची आणि शेजारून बोलून घ्यायचं. तिला ऐकू येत नाही आणि आपलं मन मोकळं होतं.

पण खरी जादू केली ती पातीनं. आमच्याकडं खुरपायला बायका ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला शेताची एक पट्टी येते, ती तिची पात. जिचा हात चालतो ती आधी बांधाला लागते. पण लागली म्हणून बांधावर बसून राहायचं नसतं. उलटं फिरायचं, आणि जी मागं राहिलीय तिच्या पातीत समोरच्या टोकाकडून खुरपत यायचं. जिथं दोघींची गाठ पडेल तिथं पात संपली. मग दोघींनी उठायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि त्यात कुणाचे उपकारही नसतात. एकीची पात राहिली असताना दुसरी बसली तर सगळ्याजणी तिच्याकडं असं बघतात की तिला भाकरी गोड लागत नाही.

हीच पात मी तलावात लावली. सगळ्यांनी एकदम निघायचं, ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. जिच्या आधी संपतील तिनं मागं राहिलेलीच्या पट्टीत समोरून जायचं. जिथं गाठ पडेल तिथं पाण्यावर हात उचलून टाळी द्यायची, की तिची पात संपली. तिच्या उरलेल्या फेऱ्या समोरून न्यायला आलेलीच्या डोक्यावर. आता बघा, जोरात पोहणारीला जास्तीचं काम, हळू पोहणारीला आशा. कुणाला नेहमीची सवय नको म्हणून कधी परकर लावून पात, कधी नुसत्या पायांनी पात. गळालेल्या बायका परत आल्या. झोपणारी तर सगळ्यांच्या आधी येऊन दारात बसायची. सरांनी नाक मुरडलं, आणि आठवड्यानं तोच खेळ सकाळच्या पोरांना लावून त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं.

माझी पात बहुतेक वेळा पहिली संपायची. आणि जावेची शेवटी राहायची, हे सांगायला नकोच. पण तिच्या पट्टीत मी कधी गेले नाही. दुसऱ्या कुणाकडंही जायचे, तिच्याकडं नाही. घरात काय कमी डोक्यावर घेतलं होतं, की आता पाण्यातल्याही फेऱ्या घेऊ? तिला आणायला कुणी ना कुणी जायचीच. ती टाळी द्यायची, टोपी काढायची आणि लहान पोरीसारखी हसायची. घरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्याचाही राग यायचा.

अशात जीवरक्षक मुलीचं लग्न ठरलं. ती पुण्याला जाणार. तलावाच्या मॅनेजरनं एका दुपारी काठावर उभं राहून जाहीर केलं की बाई जीवरक्षक असल्याशिवाय लेडीज बॅच चालवता येत नाही, आणि दुपारच्या उन्हात बसायला बाहेरून कुणी बाई यायला तयार नाही. तुमच्यातली कुणी परीक्षा पास झाली तर ठेवतो, नाहीतर तो तास पोरांच्या कोचिंगला देतो. न थांबता, ठरलेल्या वेळात वीस फेऱ्या, तळाची वीट वर आणायची, मग पुढचं शिक्षण. नोकरी दुपारी आणि संध्याकाळी, पगारी; जागा एकच, जी आधी संपवेल तिची, दुसरी कुणी पास झाली तर बदलीला, रोजावर.

मला ती नोकरी हवी होती. इतकी की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सुई ओवायला मला आता शेजारच्या पोरीला हाक मारावी लागायची. मान परत मशीनवर गेली की संध्याकाळी ती माझी नसायचीच. वर बसून पाण्याकडं बघायचं, मान ताठ ठेवून, आणि त्याचे पैसे मिळणार. मॅनेजरनं वयाचा विषय काढला तेव्हा मी म्हटलं, बुडणारी बाई वय विचारून हात देते का? त्यानं वही पुढं सरकवली. मी नाव दिलं. माझ्या मागं कुणाचंच नाव येणार नाही अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी जावेनं दिलं.

मला वाटलं, ही बया मुद्दाम करतेय. स्कूटीवर मी तोंड उघडलं नाही, चौकात नुसता ब्रेक आवळला. तिनंच मागून सांगितलं की बी. ए. होऊन आजवर तिनं स्वतःचा एक रुपया कमावलेला नाही, आणि एकदा तरी कमवायचाय. बोलली तेवढंच. हेल्मेटमधून मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पुढचे दोन महिने आम्ही दोघी अशा पोहलो की काही विचारू नका. सरांनी मला सांगितलं की तुमचा जोर फुकट जातोय, तुम्ही अजून विहिरीतच फिरताय. मग मी खालच्या काळ्या रेघेला शिलाई समजले. शिलाईवरून सुई सरकली की ब्लाउज वाया, एवढं मला कळतं. त्या दिवसापासून मी सरळ झाले. जावेला जोर नव्हता, म्हणून तिनं परकर दुप्पट केले, नुसत्या पायांच्या फेऱ्या मारल्या. विटेसाठी मी तिला वाट्या टाकून द्यायचे. म्हणजे मी माझ्यासाठीच टाकायचे, ती उचलायची. कंटाळा कुठल्या कुठं गेला. रोज काहीतरी नवं करावं लागायचं, कारण समोर ती होती. हे तिला तेव्हा मी मेले तरी सांगितलं नसतं.

परीक्षेच्या दिवशी मॅनेजर सावलीत खुर्ची टाकून बसला, सर घड्याळ घेऊन काठावर. बॅचच्या सगळ्या बायका पायऱ्यांवर. वीट दोघींनीही आणली, तिनं जरा पाणी पिऊन आणली एवढंच. मग फेऱ्या. शेजारशेजारच्या पट्ट्या, मध्ये दोरी. शिट्टी झाली आणि मी निघाले.

कधी नव्हे ती इतकी चांगली पोहले. रेघ सोडली नाही, दम मोडला नाही. विसाव्या फेरीला भिंतीला हात लागला तेव्हा पायऱ्यांवरून बायकांनी आरडाओरडा केला. संपलं होतं. नोकरी माझी होती. काठ धरून वर चढायचं, एवढंच बाकी होतं.

मी वळून बघितलं. जाऊ तिकडून येत होती, हळू, सरळ. तिच्या अजून तीन फेऱ्या बाकी होत्या आणि वेळही होता. ती पास होणार होती, हे सरांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. पुढं मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. माझी पात संपली होती आणि शेजारची राहिली होती. मी दोरीखालून तिच्या पट्टीत शिरले आणि समोरून निघाले. मध्यावर गाठ पडली. मी हात उचलला. तिनं मान वर काढली, माझ्याकडं बघितलं आणि टाळी दिली.

आणि ती थांबली. टोपी काढली आणि हसली.

मला तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. मी ओरडले, अगं पोह, पोह. पण सरांची शिट्टी वाजली होती. मॅनेजर सावलीतून उठून आला. म्हणाला, मध्येच थांबल्या, अपूर्ण. बायका त्याच्या अंगावर गेल्या, सरही दोन शब्द बोलले, मी तर ओल्या कपड्यांनी त्याच्या खुर्चीपर्यंत गेले आणि म्हटलं, चूक माझी हाय, तिला परत पोहू द्या. तो म्हणाला, परीक्षा एकदाच. तुम्ही पास झालात ना, मग तुम्हाला काय पडलंय?

घरी गेले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. सासूबाई म्हणाल्या, पोटात असतं तेच वर येतं. दीर नुसता खाकरला. रात्री नवऱ्यानं हळूच विचारलं, मुद्दाम केलंस का गं? मी त्यांच्या ताटात पोळी अशी आपटली की आमटी शर्टावर उडाली. एवढी वर्षं संसार केला त्या माणसानं हे विचारावं? आणि खरं सांगू का, राग त्यांचा नव्हता. ज्या बाईनं वर्षानुवर्षं जावेशी धड तोंड उघडलं नाही, तिनं टाळी का दिली, हे मलाच सांगता येत नव्हतं. मग बाकीच्यांनी काय समजावं? मला लई वाईट वाटलं. जावेनं ताटं उचलली. भांडी घासली, ओटा पुसला, झोपायला गेली. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

पुढचं शिक्षण झालं, मी कामावर लागले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, ती उंच खुर्ची. मशीनवर प्लास्टिकचं झाकण घातलं. मान ताठ झाली, एवढं खरं. लेडीज बॅच चालू राहिली, पातही चालू राहिली, फक्त मी काठावर. जाऊ यायची. आता सोबत म्हणून तिला कुणी धाडत नव्हतं, तिची तीच यायची. माझ्या स्कूटीवर बसायची, आणि चौक आला की नेहमीसारखी मागची दांडी धरायची.

एका दुपारी चार वाजले, मी शिट्टी मारली. सगळ्या बाहेर आल्या. जाऊ पोहतच होती. दुसऱ्यांदा मारली. ती वळली आणि परत निघाली. बाहेर पुरुषांची बॅच दार वाजवायला लागली होती. मी वरूनच ओरडले, चार वाजले, कळत न्हाई का? ती तिकडच्या भिंतीला हात लावून आली, माझ्या खुर्चीच्या खाली काठ धरून थांबली. धापा टाकत होती.

"तीन राहिल्या होत्या," ती म्हणाली. "मारून टाकल्या."

माझं डोकं फिरलं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी खाली वाकून म्हटलं, "आता मोजता येतं, मग त्या दिवशी काय झालं हुतं? थांबलीस कशाला? तुझ्यापायी सगळं घर मला नावं ठेवतंय."

बायका टॉवेल धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. जावेनं तोंडावरचं पाणी पुसलं.

"मला तेव्हाही मोजता येत होतं, जाऊबाई. संपल्या नाहीत हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण एवढ्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा मला न्यायला आलात. मग मी पुढं कशाला पोहत बसू?"

जिला गिऱ्हाइकं घाबरतात अशी मी. आणि माझे डोळे भरून वाहायलाच लागले. पाण्यात असते तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या मेल्या खुर्चीवर मी सगळ्यांच्या वर, कोरडी ठणठणीत बसले होते आणि खालून सगळी बॅच बघत होती.